बिनकाट्यांच्या घड्याळाची चोरी

१. निर्लज्ज खण

डबा जागेवर नव्हता.

भाच्याने कपाटाचा खण उघडला, बंद केला आणि पुन्हा उघडला. दुसऱ्यांदा उघडल्यावर खणालाच लाज वाटेल आणि तो डबा ओकून टाकेल, असं त्याला वाटलं असावं. खण निर्लज्ज निघाला.

"आत्या, इथला डबा कुठे ठेवलास?"

आत्या गल्ल्यामागच्या आरामखुर्चीत होत्या. हनुवटीवर उतरलेला चष्मा त्यांनी नाकावर चढवला. "कुठला डबा?"

"कुठला म्हणजे? बाबांचा! ज्याच्यापायी माझी झोप उडाली आहे तो!"

दुकान फोटोचं होतं आणि दुकानासमोर, चौकाच्या मधोमध, घड्याळाचा मनोरा होता. शहर अवाढव्य, पण बाहेरगावच्या माणसाला त्याचा चेहरा एवढाच माहीत. जो येई तो तळहात पुढे करून उभा राही आणि भाचा जमिनीवर पालथा पडून असा फोटो काढी की मनोरा त्याच्या तळहातावर उभा दिसावा. भाच्याचे शर्ट आधी पोटावर आणि कोपरांवर झिजत. त्याच्या वडिलांचेही तिथेच झिजले होते. दुकानात पासपोर्टचे फोटो काढून चहासुद्धा निघत नव्हता. सगळ्यांचं पोट चौकावर होतं.

आता पालिकेने चौकातले फिरते फोटोवाले हटवायचं ठरवलं होतं. मनोऱ्याच्या पायाशी एकच टपरी राहणार. नव्या रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर मनोऱ्याचा भला थोरला फोटो लागायचा होता. तो ज्याचा असेल त्याला, किंवा त्याच्या वारसाला, ती टपरी. भाच्याकडे वडिलांचा एक फोटो असा होता की त्याला तोड नव्हती. त्यात मनोऱ्याच्या घड्याळाला काटेच नव्हते. फार वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी काटे एक दिवस उतरवले होते आणि त्या दिवशी कॅमेरा घेऊन हजर होतं ते फक्त हे दुकान.

"काटे काय, हल्ली संगणकावर कुणीही पुसतो," असं म्हणून निवड समितीच्या साहेबांनी मूळ काचेची निगेटिव्ह प्लेट मागितली होती. ती वडिलांनी पत्र्याच्या चपट्या डब्यात घालून, वर लाख लावून बंद केली होती. लाख साहेबांच्या डोळ्यांदेखत फोडायची होती. आज, मनोऱ्यात पाचचे टोले पडले की.

"तू दुकानातच होतीस ना?" भाच्याने विचारलं.

"होते की."

"मग कोण कोण आलं?"

तेवढ्यात पडदा सारून भाच्याची बायको बाहेर आली. हातात चहाची किटली आणि ओठांवर मघापासून दाबून धरलेलं हसू.

"त्यांना कसं कळणार कोण आलं ते? मला आत वाटत होतं, बाहेर रस्ता खोदताहेत. नंतर कळलं, आत्याबाई घोरताहेत."

२. पिवळा कागद आणि तिरप्या फ्रेमी

"मी विचार करत होते," आत्या म्हणाल्या.

"तोंड उघडं ठेवून?"

"हवा लागते विचाराला."

पण मनातून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बस कंपनीच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली होती. छत्र्या, दातांच्या कवळ्या, एकदा तर कुणाचा लाकडी पाय. हजारो वस्तू त्यांनी सांभाळल्या आणि बरोबर ज्याच्या त्याला दिल्या. एकही चुकीच्या हाती गेली नाही. आणि आज भावाची एकुलती एक काच त्यांच्या नाकाखालून गेली. नाक त्या वेळी वाजत होतं, एवढंच.

"रडून काच परत येत नाही," त्या उठल्या. "वस्तू कधी हरवत नाही रे. ती जिथे असते तिथेच असते. हरवतो तो आपण. काय बदललंय ते बघू."

गल्ल्यावर, त्यांच्या कपाखाली, एक पिवळा कागद होता. 'उद्याही चौकात चित्रीकरण. दुकानाबाहेर माणसे दिसू नयेत.'

"ही सिनेमावाली बाई!" भाचा ओरडला. "दोनदा प्लेट मागायला आली होती. तिच्या सिनेमात घड्याळ थांबतं म्हणे."

"थांब. ओरडू नकोस. आणखी काय?"

आत्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. भिंतभर मनोऱ्याचे फोटो होते, पहाटेचे, धुक्यातले, दिव्यांच्या माळा लावलेले. मधोमध तो बिनकाट्यांच्या घड्याळाचा, जुन्या प्लेटवरून काढलेला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी कोपराचं टोक डोकावत होतं. आत्यांना नेहमी नवल वाटे. दादाला फोटोत परकं माणूस खपत नसे. मग हे कोपर त्याने कसं राहू दिलं?

"सकाळी फ्रेमी कुणी पुसल्या?"

"मीच," भाचा म्हणाला. "साहेब येणार म्हणून पाणसळ लावून एकेक सरळ केली."

"मग ह्या बघ."

भाच्याने पाहिलं आणि त्याची बायकोही किटली घेऊन पुढे आली. भिंतीवरची प्रत्येक फ्रेम उजवीकडे कलली होती. थोडीशीच, पण सगळ्या सारख्याच. शाळेतली मुलं एका हुकमावर मान वळवतात तशा.

"चोराने मागे शोधलं असेल," सूनबाई म्हणाली.

"शोधणारा माणूस फ्रेमी कशाही सोडतो. एक इकडे, एक तिकडे. ह्या मुद्दाम लावल्यात." आत्यांनी चष्मा पुसला. "चोराने चोरी करता करता भिंत आवरलीय."

"आत्याबाई, असा चोर असेल तर मला रोज हवाय."

"तू आधी ह्याची पिशवी आण. कॅमेरा घेऊन चौकात जायचंय."

भाच्याच्या पिशवीला आत्यांनी कालच ठिगळ लावलं होतं, हाताएवढ्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं. सूनबाईने ती दोन बोटांनी उचलून आणली. "काय पण ठिगळ! एका मैलावरून दिसेल. मामंजींच्या कोटालाही असलंच लावलं होतंत ना? म्हणे ते चारचौघांत हात पाठीमागे बांधून उभे राहायचे."

"टिकलं ना पण?" आत्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

३. दोन भांडखोर साक्षीदार

चौकात दोरखंड बांधले होते. दोरखंडाच्या आत सिनेमावाली बाई होती. तिच्या एका हातात कर्णा होता आणि दुसऱ्या हातात एक उडतं यंत्र, पंख मिटलेल्या कोंबडीसारखं उलटं धरलेलं. यंत्राचा मालक समोर उभा राहून हातवारे करत होता. तो आकाशातून फोटो काढायचा, म्हणून चौकात त्याला घार म्हणत. त्यानेही आपला एक फोटो समितीकडे दिला होता.

"माझं यंत्र द्या!"

"माझ्या नायिकेच्या डोक्यावरून तीनदा नेलंत! तिचा टोप उडाला!"

"टोप होता हे मला काय माहीत?"

"आता सगळ्या शहराला माहीत झालं!"

आत्या मध्ये गेल्या. "बाई, तुम्ही दुपारी आमच्या दुकानात आला होतात?"

"आले होते. तुम्ही..." बाईने कर्णा खाली घेतला. "तुम्ही विचारात होतात. मी कागद कपाखाली ठेवला आणि निघाले."

"आणि डबा?"

"कसला डबा? अहो, मला ती प्लेट हवी होती, पण मागून. चोरलेली वस्तू पडद्यावर दाखवली तर चोरी सगळ्या गावाला तिकीट लावून दाखवल्यासारखं होईल."

हे आत्यांना पटलं. त्या घारीकडे वळल्या. "आणि तू?"

"मी वर होतो. म्हणजे माझं यंत्र वर होतं. हवं तर बघा." त्याने खिशातून फोन काढला. चित्र चौकावरून सरकत दुकानाच्या खिडकीशी आलं आणि तिथे तरंगत राहिलं. खिडकीत आत्या. मान मागे, चष्मा हनुवटीवर, आणि तोंड एवढं उघडं की एखादी चिमणी घर बांधायला आत गेली असती.

भाचा खोकला. घार अदबीने दुसरीकडे बघू लागला. सिनेमावाल्या बाईने विचारलं, "हे आम्हाला मिळेल का?"

आत्यांचे कान लाल झाले, पण डोळे चित्रावरून हलले नाहीत. "थांबव इथे. गल्ल्यावर बघ. पिवळा कागद आलाय. म्हणजे बाई येऊन गेल्या होत्या. आता मागची भिंत बघ."

भाच्याने फोन डोळ्यांशी नेला. भिंतीवरच्या फ्रेमी सरळ होत्या. एकूण एक.

"ह्याच्या पुढे काय झालं?"

"पुढे काय, ह्या बाईंच्या माणसांनी जाळं टाकून यंत्र पकडलं. तेव्हापासून आम्ही इथेच भांडतोय."

"खरंय," भाचा ओशाळून म्हणाला. "मीही बघत उभा होतो. म्हणून तर दुकानात यायला उशीर झाला."

भांडणाने दोघांनाही सोडवलं होतं. चौकभर माणसांनी त्यांना पाहिलं होतं, आणि टोप उडालेल्या नायिकेइतकी पक्की साक्ष दुसऱ्या कुणाची?

"मग उरलं कोण?" भाच्याने विचारलं.

आत्या चौकाच्या पलीकडे, एका जुन्या इमारतीच्या वरच्या खिडकीकडे बघत होत्या. त्या खिडकीचा पडदा तिरपा होता.

४. ओळंबा

त्या खिडकीत राहणाऱ्या म्हाताऱ्या फोटोवाल्याला सगळा चौक ओळंबा म्हणे. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो, तो ओळंबा. आणि ह्या गृहस्थाने जन्मात एकही फोटो सरळ काढला नव्हता. जड कॅमेरा वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर वाहून त्याचा उजवा खांदा खाली आला होता आणि मान त्या खांद्याशी गुजगोष्टी करायला गेल्यासारखी कायमची कलली होती. त्याच्या फोटोत मनोरा डावीकडे झुकलेला असे. गिऱ्हाईक तक्रार करी. ओळंबा शांतपणे सांगे, "मनोराच कललाय. मी आहे ते काढतो."

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणत. पण ओळंब्याचा आपल्या अंगणावर पूर्ण विश्वास होता.

"मला आधीच वाटलं होतं!" मागोमाग आलेली सूनबाई म्हणाली. "वाकड्या फ्रेमी म्हटल्यावर दुसरं कोण?"

"नाही गं," भाचा म्हणाला. "काकांचं सगळं डावीकडे कलतं. भिंत कललीय उजवीकडे. उलट दिशा. काका सुटले."

सूनबाईचा चेहरा पडला. भाच्याचाही पडला, कारण काका सुटले म्हणजे आता जगात संशयित कुणीच उरलं नव्हतं आणि पाच वाजत आले होते.

"कॅमेरा दे," आत्या म्हणाल्या.

"आता फोटो काढणार?"

"दे म्हणते ना."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनोऱ्याकडे धरला. मग मान हळूच उजव्या खांद्यावर टाकली, आणि मानेबरोबर कॅमेराही उजवीकडे कलला. कळ दाबली. कॅमेरा भाच्याच्या हाती दिला. "बघ. कुठे कललाय?"

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चित्रात मनोरा डावीकडे झुकला होता.

"कॅमेरा उजवीकडे गेला की चित्र डावीकडे जातं," आत्या म्हणाल्या. "आता हाच माणूस, हीच मान घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. तू सरळ लावलेल्या फ्रेमी त्याला कशा दिसणार?"

"डावीकडे पडलेल्या," भाचा सावकाश म्हणाला.

"आणि फोटोवाल्याला वाकडी फ्रेम बघवत नाही. तू दुसऱ्याच्या घरी गेलास तरी आधी त्यांच्या भिंतीला हात लावतोस, माहीत आहे मला. तो त्या फ्रेमी कुठे वळवणार? उजवीकडे. त्याच्या मानेएवढ्या." आत्यांनी चष्मा सारखा केला. "दिशा उलट आहे म्हणून काका सुटले नाहीत. दिशा उलट आहे म्हणूनच ते सापडले."

५. सरळ माणसाची खोली

ओळंब्याच्या खोलीत शिरताच भाच्याने दाराची चौकट धरली. बोट लागावी तसं त्याला झालं. आरसा, दिनदर्शिका, फळी, सगळं उजवीकडे कललेलं. टेबलाच्या एका बाजूच्या पायांखाली विटा होत्या. त्यावरच्या कपात चहा एका काठाला टेकला होता.

आणि बिछान्यावर, उशीवर नीट ठेवलेला, पत्र्याचा चपटा डबा. वरची लाख शाबूत.

"या ताई," ओळंबा म्हणाला. त्याने लपवाछपवी केली नाही. "तुम्ही आज ना उद्या याल हे ठाऊक होतं. इतक्या लवकर जाग्या व्हाल असं वाटलं नव्हतं."

"काका, चोरी केलीत तुम्ही!" भाच्याचा आवाज फाटला. "बाबांचे मित्र ना तुम्ही? टपरी गेली तर मी कुठे जाऊ?"

"एकदा बघायला म्हणून आलो होतो रे. ताईंना उठवणार होतो. पण वाट बघता बघता भिंतीकडे लक्ष गेलं. सगळ्या फ्रेमी पडलेल्या. म्हटलं, मित्राचं दुकान, आवरून ठेवू. आवरता आवरता मधल्या फोटोशी आलो आणि डोकं फिरलं." त्याने डब्यावर हात ठेवला. "हा फोटो मी काढलाय. तुझ्या बाबाने नाही."

भाचा लालबुंद झाला. "मेलेल्या माणसावर..."

"थांब," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जुनी खिडकी उघडल्यासारखी झाली. "आमच्याकडे दोन माणसं एकाच छत्रीवर हक्क सांगायला यायची. खोटा माणूस छत्रीचं कौतुक सांगतो. मूठ चांदीची, कापड रेशमी. खरा मालक खोट सांगतो. कुठली काडी मोडलीय, कुठे भोक आहे. तुम्ही, काका, हा डबा उघडलेला नाही. सांगा, आतल्या काचेत खोट काय?"

ओळंब्याने डोळे मिटले. "मनोरा डावीकडे कललाय. वरच्या कोपऱ्यात माझ्या बोटाचा डाग आहे, ओल्या प्लेटला लागलेला. आणि खाली उजवीकडे तुमचा दादा उभा आहे. दोन कप चहा घेऊन येत होता. मी ओरडलो, 'बाजूला हो,' तर त्याला वाटलं, 'थांब.' कोपर इतकं पुढे, आणि कोपरावर..." तो अडखळला. "रागावू नका ताई. फार भयंकर ठिगळ होतं ते."

आत्या खुर्चीत बसल्या. खुर्ची कललेली असल्यामुळे घसरल्या, पण उठल्या नाहीत.

"मग गप्प का बसलात इतकी वर्षं?"

"तेव्हा मी तुमच्याच दुकानात कामाला होतो. तुमच्या दादाने छापताना कागद फिरवला, मनोरा सरळ केला आणि वाकडे काठ कापून टाकले. मी म्हटलं, हा माझा फोटो नव्हे! तो म्हणाला, नसेल तर नसेल. त्याने दुकानाचा शिक्का मारून भिंतीवर लावला. आमचं बोलणं संपलं." ओळंब्याने नाक पुसलं. "टपरी तुझी तू घे रे बाळा. मला ती नको. पण पालिका हा फोटो पुन्हा सरळ करणार, आणि तोही भिंतीएवढा. एकदा केलेला सहन केला. दुसऱ्यांदा नाही होत."

बाहेर मनोऱ्यात पहिला टोल पडला.

६. पाचचे टोले

साहेब दुकानात येऊन बसले होते. चौकातून परतलेल्या सूनबाईने त्यांना चहा, पाणी, पुन्हा चहा असं गुंतवून ठेवलं होतं. भाचा डबा घेऊन आत आला. मागे आत्या, त्यांच्या मागे ओळंबा.

जिन्यावर भाच्याने हळूच विचारलं होतं, "आत्या, फोटो सरळ करून कापला की बाबा दिसणारच नाहीत. मग कुणाला काय कळणार?"

"काही कळणार नाही," आत्या म्हणाल्या होत्या. "लाख फोडणारा तू. टपरी तुझी. मी काय, झोपलेली बाई."

त्याने लाख फोडली. काच खिडकीच्या उजेडात धरली, घड्याळाचे आकडे सरळ वाचता येतील अशी. निगेटिव्ह असल्याने आकाश काळं आणि मनोरा पांढुरका दिसत होता. मनोरा डावीकडे कललेला. वरच्या कोपऱ्यात बोटाचा डाग. आणि खाली उजवीकडे एक तरुण माणूस, दोन्ही हातांत कप, चेहऱ्यावर 'काय म्हणालास?' असा भाव. कोपरावर हाताएवढ्या चौकड्या. काळ्याच्या पांढऱ्या आणि पांढऱ्याच्या काळ्या झालेल्या, पण एका मैलावरून ओळखू येतील अशा.

आत्यांनी तोंडाला पदर लावला. दादा इतका बारीक होता हे त्या विसरून गेल्या होत्या.

"वा!" साहेब म्हणाले. "तुमच्या वडिलांचीच ना?"

भाच्याने बायकोकडे पाहिलं. मग काचेतल्या बापाकडे पाहिलं. बापाने हात पाठीमागे लपवले नव्हते. चहाचे कप होते म्हणून लपवता आले नसावेत.

"वडील ह्या फोटोत आहेत, साहेब," तो म्हणाला. "म्हणजे फोटो त्यांनी काढलेला नाही. ह्या काकांनी काढलाय. आणि एक विनंती आहे. तो सरळ करायचा नाही."

सूनबाईच्या हातातली किटली गल्ल्यावर आपटली. ओळंब्याची मान होती त्याहून जास्त कलली.

"सरळ करायचा नाही?" साहेब म्हणाले. "स्थानकात तिरका मनोरा?"

"मनोराच तिरका आहे," ओळंबा म्हणाला.

साहेबांनी काच बघितली, ओळंब्याला बघितलं, आणि नकळत आपली मान डावीकडे टाकून पुन्हा काच बघितली. बराच वेळ तसेच राहिले. "सरळ फोटोपुढे कुणी थांबत नाही, हे मात्र खरं," ते शेवटी म्हणाले. "माझीच गाडी चुकली असती आता. ठीक आहे. टपरी ह्यांची."

ओळंबा भाच्यावर खेकसला, "बघतोस काय नुसता? टपरी घेऊन मी काय करू? पालथं पडलो तर मला उठवायला पुन्हा पालिका बोलवावी लागेल. उद्यापासून पडायचं तू. पैसे घ्यायला मी बसेन. निम्मे तुझे, निम्मे माझे."

"पण कॅमेरा मी धरणार," भाचा डोळे पुसत म्हणाला.

"धर. वाकडा धरतोस, पण चालेल."

टपरीवर पाटी लागली. भाचा ती रोज सकाळी सरळ करी आणि जेवणं झाली की ओळंबा ती रोज 'सरळ' करी. आत्या समोरच्या दुकानात आरामखुर्चीत बसून दोघांवर लक्ष ठेवीत. डोळे मिटून.

स्थानकात फोटो लागला त्या दिवशी सगळे बघायला गेले. भिंतभर मनोरा, बिनकाट्यांचा, डावीकडे झुकलेला. खाली दोन कप चहा घेऊन भिंतीएवढा दादा आणि दाराएवढं ठिगळ. आत्या ओळखीअनोळखीच्या प्रत्येकाला सांगत होत्या, "शिवण बघा, अजून तशीच आहे." फोटोपुढे घोळका जमला होता. बॅगा खाली ठेवून येणारा जाणारा प्रत्येक माणूस फोटो बघताना मान डावीकडे टाकत होता. बायका, मुलं, हमाल, तिकीट तपासनीस, सगळे.

ओळंब्याने त्या गर्दीकडे पाहिलं. मग भाच्याच्या कानाशी लागून, फार वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "एवढं मोठं शहर, आणि बघ रे, सरळ उभा राहणारा एक माणूस नाही."